आपल्या वतीने विचारणारा

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आज मी एका शब्दाविषयी चार गोष्टी सांगणार आहे. शब्द परका आहे : ओम्बुड्समन. आपण त्याला लोकपाल म्हणतो. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण हा शब्द माझ्या घरी उपयोगी पडला, म्हणून बोलण्याचे धाडस करते.

हा शब्द स्वीडन देशातला. तिकडच्या भाषेत ‘ओम्बुड’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा, आपल्याकडील मुखत्यारासारखा; आणि ‘मन’ म्हणजे माणूस. आता हा मुखत्यार कोणाचा, ते ऐका. स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स १७०९ साली रशियाशी लढाईत हरला आणि तुर्की सुलतानाच्या मुलखात जाऊन राहिला. घरधनी परमुलखात आणि कारभार दुसऱ्यांच्या हाती, म्हणजे काय होते ते आपणांस सांगायला नको. म्हणून १७१३ साली त्याने तिकडूनच हुकूम काढला आणि अधिकारी कायद्याप्रमाणे वागतात की नाही हे पाहण्यासाठी एक मुख्य ओम्बुड्समन नेमला. तो राजाचा माणूस होता. पुढे १८०९ साली नवी राज्यघटना झाली आणि तेथील पार्लमेंट स्वतःचा ओम्बुड्समन निवडू लागले. शब्द तोच राहिला, धनी बदलला! राजाच्या वतीने विचारणारा आता लोकांच्या वतीने विचारू लागला. आणि बरे का, ‘मन’ असले तरी त्या जागेवर बाई आली तरी तिकडे तिला ओम्बुड्समनच म्हणतात.

आपल्याकडे १९६३ साली डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी त्यासाठी ‘लोकपाल’ हा शब्द सुचवला. तो आपल्या कानांना नवा नाही. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी इंद्रादी अष्टलोकपालांचे आवाहन करतात, ते दिशा राखणारे देव. दिल्लीचा कायदा मात्र २०१३ साली झाला आणि पहिले लोकपाल नेमले गेले २०१९ साली. शब्द मिळाल्यावर माणूस मिळायला ५६ वर्षे लागली! आपल्या महाराष्ट्राने १९७१ सालीच कायदा केला आणि १९७२ पासून येथे लोकायुक्त आहेत. ‘आयुक्त’ म्हणजे नेमलेला. मला हाच शब्द अधिक पटतो. पाल म्हटले की राखणारा देव आठवतो आणि आपण हात जोडून बसतो. नेमलेल्या माणसाला मात्र काम सांगावे लागते.

बँकांच्या तक्रारींसाठी रिझर्व्ह बँकेनेही १९९५ पासून लोकपाल नेमले आहेत. माझ्या सासूबाईंच्या पेन्शनच्या खात्यातून, त्यांना न विचारता, विम्याचे म्हणून अकराशे रुपये कापले गेले. तीन महिने आम्ही दोघी खिडकीवर हेलपाटे घालत होतो. “साहेब रजेवर आहेत,” “वरून झाले आहे,” हीच उत्तरे. सासूबाई म्हणाल्या, “जाऊ दे गं, बायकांचे कोण ऐकतो!” मग मुलाने लोकपालाची माहिती काढली. मी साध्या कागदावर हकीकत लिहिली, पासबुकाची नक्कल जोडली, शेवटी लिहिले की तीस दिवसांत उत्तर न आल्यास लोकपालांकडे जाईन, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. विसाव्या दिवशी पैसे खात्यात जमा झाले. लोकपालांपर्यंत जावे लागलेच नाही.

म्हणून सांगते, भगिनींनो, तक्रार तोंडी करू नका. आधी बँकेलाच लिहून द्या, तारीख घाला, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर लोकपालांकडे अर्ज करा. त्याला फी पडत नाही. कोणाला लिहिणे जमत नसेल तर बुधवारी दुपारी मंडळात या, आपण दोघी मिळून लिहू. मुखत्यार नेमलेला आहे. पण काय विचारायचे ते आपणच त्याला सांगितले पाहिजे.