पागेतील शिक्षण



एखादा विद्यार्थी चार वर्षे पाढे घोकतो आणि पाचव्या वर्षीही त्याचे घोडे बाराच्या पाढ्याशीच अडते, हा अनुभव बहुतेक शाळांना आहे. अशा मुलास शाळा हळूहळू एक नाव देते. ते नाव गावभर होते आणि पुढे मूलही स्वतःला तेच नाव लावून घेते. यथाकाल शाळा संपते. त्याची अडचण मात्र संपत नाही. या वयाला पोहोचलेल्या मुलामुलींसाठी इंग्लंडात जे एक निवासी शिक्षण चालते, त्याचा परिचय करून देणे हा या भाषणाचा हेतू होय. त्या शिक्षणात गुरुजींच्या जोडीला घोडा आहे.

शारीरिक व्यंगावर घोडेस्वारीचा उपयोग होऊ शकतो, याकडे लोकांचे लक्ष विशेषेकरून वेधले ते डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंमुळे. १९४४ साली त्यांना पोलिओ झाला आणि गुडघ्यांखाली पाय लुळे राहिले. घोड्यावर बसण्या-उतरण्यास दुसऱ्याचा हात लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी अश्वचालनाच्या स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. ब्रिटनमध्ये १९६९ साली अपंगांच्या घोडेस्वारीसाठी राष्ट्रीय संघटना उभी राहिली. परंतु स्वारीने शरीर सावरणे निराळे आणि घोड्याच्या निमित्ताने शिक्षण देणे निराळे. हा दुसरा मार्ग हॅम्पशायर परगण्यातील न्यू फॉरेस्ट भागात असलेल्या ‘फॉर्च्युन सेंटर’ या संस्थेने धरला. हा मुलूख मोकळ्या चरणाऱ्या तट्टांसाठी प्रसिद्धच आहे. शिकण्यात अडचणी असलेले सोळा ते पंचवीस वर्षे वयाचे तरुण तेथे राहून शिकतात. अभ्यासक्रमाच्या नावाचा अर्थ ‘अश्वसंगोपनाच्या द्वारे पुढील शिक्षण’ असा आहे. यातील भर संगोपनावर आहे. स्वारी हा त्याचा एक भाग.

आता पागेत शाळेचे कोणते विषय सापडतात ते पाहावे. घोड्याच्या मोठ्या देहाच्या मानाने त्याचे जठर लहान असते, आणि त्यास ओकारी होत नाही. म्हणून दाणा थोडा थोडा, अनेक वेळा आणि वेळेवर द्यावा लागतो; अतिरेक झाल्यास पोटशूळ उठतो व तो प्राणावरही बेततो. दाणा मापाने न देता वजनाने द्यावयाचा असतो, कारण एक माप कोंडा आणि एक माप धान्य यांचे वजन सारखे भरत नाही. वजन, वेळ आणि भागाकार हे तिन्ही विषय येथे एका बादलीत आले. फळ्यावर घोड्यांची नावे आणि समोर प्रत्येकाची चंदी लिहिलेली असली, म्हणजे आपल्या घोड्याची ओळ शोधण्यासाठी वाचावे लागते. उंची मोजण्याची रीत तर मोठी गमतीची आहे. इंग्रजी पद्धतीत घोडा ‘हँड’ या मापाने मोजतात. एक हँड म्हणजे चार इंच. न्यू फॉरेस्ट तट्टाची कमाल उंची १४.२ हँड लिहितात. तो दशांश नव्हे. चौदा हँड आणि वर दोन इंच, म्हणजे अठ्ठावन्न इंच. १४.३ नंतर पंधरा येतात. हे गणित फळ्यावर मांडले तर हुशार मुलेही चुकतील, पण तट्टाशेजारी मापाची काठी उभी केली की डोळ्यांना दिसते.

मुख्य गोष्ट अशी की, येथे उत्तर चूक की बरोबर हे सांगण्यास गुरुजींची तांबडी शाई लागत नाही. खरारा जोराने ओढला तर घोडा कान मागे पाडतो व बाजूस सरतो. मागून न बोलता गेले तर दचकतो, कारण अगदी पाठीमागचे त्यास दिसत नाही. या मुलाला गेल्या परीक्षेत किती गुण मिळाले, याची त्याला वार्ता नसते. वर्षानुवर्षे माणसांच्या चेहऱ्यावर निराशा वाचलेल्या मुलाला या अज्ञानाचा केवढा आधार वाटत असेल, याची कल्पना शिक्षकांनी करावी.

वर्धा येथे १९३७ साली महात्मा गांधींनी मांडलेल्या नयी तालीमची आठवण येथे साहजिकच होते. उद्योगातून विषय शिकवावे हे सूत्र दोन्हीकडे आहे. मात्र अर्धवट राहिलेले सूत टकळीवर उद्यापर्यंत थांबते. घोड्याची भूक थांबत नाही.

तथापि पागेत आलेले शहाणपण आपोआप घरात येत नाही, आणि निवासाची आवश्यकता येथेच आहे. घोड्याची चंदी अचूक तोलणारा तरुण स्वयंपाकघरात तांदूळ किती घ्यावा यावर अडून राहू शकतो. घोड्याचा खरारा झाला. आता स्वतःचे केस विंचरले काय? त्याखालची लीद काढून नवा पेंढा पसरला; आपल्या अंथरुणावरची चादर केव्हा बदलली? हे प्रश्न त्याच दिवशी, त्याच मुलाला, न हिणवता विचारणारा माणूस तेथे असावा लागतो. तो नसेल तर उरतो केवळ मोतद्दार तयार करण्याचा वर्ग.

या शिक्षणाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हे औषध नव्हे. अशा उपक्रमांवरील संशोधनाचे पुरावे अद्याप मर्यादित आहेत. काही मुलांना घोड्याची भीतीच वाटते. सुमारे पाचशे किलो वजनाच्या जनावराजवळ शिरस्त्राण आणि सतत देखरेख यांत ढिलाई चालत नाही. खर्चही मोठा आहे. जिल्ह्यातील कोणत्याही शाळेने पागा उघडावी, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेस दिव्यांगत्वाच्या प्रकारांत स्थान दिले आहे. म्हणून अशा मुलाची रीतसर तपासणी करून घेणे हे पहिले काम; पालकांना ते समजावून सांगणेही शिक्षकांकडेच येते. त्याबरोबर आणखी एक गोष्ट बिनखर्चाची आहे. पटावर ‘अप्रगत’ ठरलेला मुलगा सकाळी घरी काय करतो, हे एकदा जाऊन पाहावे. तो शेळ्या राखत असेल तर सकाळी किती सोडल्या, संध्याकाळी किती परतल्या, व्यालेली कोणती, तिला पेंड किती आणि ती किती दिवस पुरेल, हे त्यालाच विचारावे. आणि त्याने तोंडी दिलेले हिशेब दुसऱ्या दिवशी त्याच्याच हाताने पाटीवर उतरवून घ्यावेत.