उजवा कौल

आम्हां वेंगुर्लेकरांना ‘उजवा’ हा शब्द प्रथम भेटतो तो देवळात. ग्रामदेवतेच्या पाषाणावर गुरव ओल्या पाकळ्या चिकटवितो, गाऱ्हाणे घातले जाते, जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात आणि मग सर्वांचे डोळे त्या पाकळ्यांवर खिळतात. उजव्या अंगाची पाकळी आधी गळली की उजवा कौल झाला, कार्याला देवाची संमती मिळाली. असा कौल एका वेळी एकाच प्रश्नाला लावतात, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

राजकारणातला ‘उजवा’ मात्र १७८९ च्या फ्रेंच सभागृहातला; राजसत्तेचे कैवारी अध्यक्षाच्या उजव्या हातास बसले, इतकेच त्याचे मूळ. तो शब्द उचलून आपण राष्ट्रीय संस्कृतीचा आग्रह धरणारा १९५१ चा जनसंघ आणि सहकारी शेतीला विरोध करणारा राजाजींचा १९५९ चा स्वतंत्र पक्ष यांना एकाच पंगतीस बसविले.

त्या शब्दाने किती थोडे कळते, हे आपल्याच जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात पाहावे. जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही आणि राजकारणात पडायचे नाही, या अटींवर सरकारने १९२४ साली वि. दा. सावरकरांना येथे स्थानबद्ध केले. पाच वर्षांची मुदत वाढत वाढत १९३७ पर्यंत गेली. त्या अवधीत त्यांनी अस्पृश्यांच्या मुलांना शाळेत इतरांबरोबर बसविण्यासाठी खटपट केली, सहभोजने घडवून आणली, आणि १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने उभे राहिलेले पतितपावन मंदिर सर्व जातींच्या हिंदूंना मोकळे झाले. सोवळ्याओवळ्याचा तो काळ आठवला म्हणजे या कार्यापुढे माझे मस्तक नम्र होते. परंतु ज्या व्याख्येने हे दार उघडले तिनेच दुसरी भिंत उभारली. ज्याला हा देश पितृभू आणि पुण्यभूही आहे तो हिंदू, असे त्यांनी १९२३ च्या ‘हिंदुत्व’ या ग्रंथात मांडले होते. आणि सुटकेनंतर, १९३७ च्या अखेरीस, अहमदाबादेस हिंदुमहासभेच्या अध्यक्षपदावरून हिंदू व मुसलमान ही येथील दोन राष्ट्रे होत, असे त्यांनी सांगितले. ज्या गावात देऊळ, मशीद आणि चर्च यांच्या वाटा एकाच बाजारातून जातात, त्या गावात वाढलेल्या मला हे मत कधीच मान्य झाले नाही, आणि हे मी आदर बाळगूनच सांगतो.

याच किनाऱ्याने वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅ. नाथ पै यांना तीनदा व त्यांच्यामागून प्रा. मधु दंडवते यांना पाचदा लोकसभेत धाडले. १९७७ साली समाजवादी दंडवते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा जनसंघाचे वाजपेयी आणि अडवाणी त्यांचे सहकारी मंत्री होते. पुढे १९९६ मध्ये याच किनाऱ्यावरच्या राजापूर मतदारसंघाने शिवसेनेचे सुरेश प्रभू निवडून दिले. घरे तीच, बंदर तेच. माझ्या मते मतदारांपुढचे प्रश्न निराळे होते.

तरुण श्रोत्यांना माझी एकच विनंती आहे. सावरकरांचे ‘हिंदुत्व’ आणि त्यांचे ‘जात्युच्छेदक निबंध’ ही दोन्ही पुस्तके वाचनालयातून एकाच वेळी घरी आणा, समोरासमोर ठेवून वाचा, आणि प्रत्येक प्रश्नाला आपला वेगळा कौल द्या.