घरासाठी राउटर निवडताना

‘बिनतारी’ हा शब्द आकाशवाणीच्या वाचकांना काही नवा नाही. एके काळी घरात रेडिओ ठेवायचा म्हणजे पोस्टात जाऊन परवान्याची फी भरावी लागे. आज तुमच्या-आमच्या घरात टीव्हीशेजारी जी छोटी पेटी मिणमिणत असते, ती तर नुसती ऐकत नाही, बोलतेसुद्धा. म्हणजे ते एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच झाले! तरी तिला परवाना लागत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील कमी शक्तीच्या यंत्रांना सरकारने २००५ साली परवान्यातून सूट दिली, आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली सवलत २०१८ मध्ये पुष्कळ वाढवली.

या सवलतीतले ‘कमी शक्तीच्या’ हे शब्द राउटर घेणाऱ्याने नीट ध्यानात ठेवावेत. दुकानदार सांगतो, “साहेब, हा फार पॉवरफुल आहे, सहा अँटेना आहेत.” असतील. पण पेटी दीड हजाराची असो की पंधरा हजारांची, तिने किती जोराने बोलावे याची मर्यादा कायद्याने ठरलेली आहे. महाग पेटी अधिक चांगले ऐकते, एका वेळी अधिक जणांशी नीट बोलते, हे खरे. पण तिला ओरडता येत नाही. आणि समजा आले, तरी उपयोग काय? तुमच्या हातातल्या मोबाइलने तिला उत्तर द्यायचे असते, आणि मोबाइलचा आवाज तिच्याहूनही बारीक.

तेव्हा राउटरची निवड दुकानात सुरू होत नाही, घरात होते. मी काही इंजिनियर नव्हे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. पण पैसा नेमका कुठे खर्च केला म्हणजे फळ मिळेल, हा प्रश्न आमच्याच शास्त्रातला, म्हणून हे धाडस.

२०२० आणि २१ साली आमचे वर्ग घराघरांतून चालत. हजेरी घेताना हळूहळू दिसू लागले की काही मुले जिन्यात बसून बोलतात, काही गॅलरीत. घरात इंटरनेट होते, पण ते दिवाणखान्यात. तार आणणारा कामगार जिथे भोक पाडणे सोपे तिथे पाडतो, पेटी तिथेच भिंतीला चिकटते, आणि अभ्यासाचे टेबल असते मागच्या खोलीत. ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याच्या वाट्याला सर्वांत क्षीण लहर! घरातल्या कोणत्या कोपऱ्यात कोण बसते आणि काय करते, हे आधी एका कागदावर लिहा. मुलीची परीक्षा, वडिलांची मीटिंग, आजीचा परदेशातल्या नातवाशी होणारा व्हिडिओ कॉल. एका व्हिडिओ कॉलला दोन ते चार एमबीपीएस पुष्कळ झाले. त्यामुळे बहुतेक घरांत वेग कमी पडत नाही, तो त्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही.

का पोचत नाही? मध्यम लहरींवर रेडिओ ऐकतो त्या लहरीची लांबी काही शे मीटर. घरे, झाडे ओलांडून ती सहज येते. राउटरची २.४ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटर, आणि ५ गिगाहर्ट्झची त्याच्याही निम्मी. पाचची लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकते. दोन-चारची भिंत बरी ओलांडते, पण तिच्या पट्ट्यात गर्दी फार. एकमेकांवर न चढणारे असे तिथे तीनच मार्ग, १, ६ आणि ११ क्रमांकाचे. आणि तुमच्या इमारतीतली यच्चयावत बिऱ्हाडे त्यांवरच चालतात. शिवाय स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात गुरगुरतो. म्हणून दोन्ही पट्ट्यांवर चालणाराच राउटर घ्यावा. याबाबतीत काटकसर नको.

भिंतींचेही स्वभाव निरनिराळे. विटेची अर्ध्या फुटाची भिंत समजूतदार असते. जुन्या वाड्यातली काळ्या दगडाची दीड-दोन फुटांची, किंवा लोखंडी सळ्या घातलेली काँक्रीटची, तशी नसते. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्यामागे तर लहरीची सावलीच पडते. म्हणून एक फुकटचा प्रयोग आधी करा. कंपनीने दिलेल्या फायबरच्या पेटीतच बहुधा वाय-फाय असते. तिला कपाटाआडून काढून घराच्या मध्याजवळ, डोक्याइतक्या उंचीवर ठेवता येते का ते पाहा. कंपनीचा माणूस थोडी जास्त तार देऊन हे करतो. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते, आणि नव्या राउटरचे पैसे वाचतात!

नाही भागले, तर मग खरेदी. खोक्यावर ‘एसी १२००’ असे ठसठशीत छापलेले असते. हा १२०० आकडा म्हणजे एका पट्ट्यावरचे ३०० आणि दुसऱ्यावरचे ८६७ यांची बेरीज, जरा फुगवून. तुमचा मोबाइल एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो. ती बेरीज त्याच्या काय कामाची? मोठ्या अक्षरांपेक्षा बारीक अक्षरे वाचा. मागची तारेची छिद्रे, ज्यांना पोर्ट म्हणतात, ती १०० एमबीपीएसची आहेत की हजाराची, हे तिथे लिहिलेले असते. तुम्ही दरमहा २०० एमबीपीएसचे पैसे भरता आणि पोर्ट शंभरचे असेल, तर निम्मे पैसे त्या छिद्रातच अडकले म्हणायचे. स्वस्त राउटरमध्ये ही गोम हमखास सापडते.

पिढीचे म्हणाल, तर वाय-फाय ५, ६, ७ असे सोपे क्रमांक २०१८ पासून रूढ झाले. आज घ्यायचा तर वाय-फाय ६ घ्यावा. एकाच वेळी अनेक यंत्रे चालवण्यात तो हुशार आहे. सात क्रमांकाचे प्रमाणपत्र २०२४ च्या जानेवारीपासून मिळू लागले, पण घरातले मोबाइल त्या पिढीचे नसतील तर त्याचा फारसा लाभ नाही. सुरक्षिततेसाठी ‘डब्ल्यूपीए ३’ आहे ना, आणि कंपनी सुधारणा पाठवत राहते का, एवढे विचारा. घरी आल्यावर राउटरचा मूळचा पासवर्ड त्याच दिवशी बदला. तो तळाशी छापलेला असतो, आणि पाहुण्यांनाही वाचता येतो.

आता त्या मागच्या खोलीचा प्रश्न. दुकानदार ‘रिपीटर’ पुढे करील. स्वस्त रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो. त्यात वेग साधारण निम्म्यावर येतो. ‘मेश’ नावाची दोन-तीन पेट्यांची जोडी बरी, पण महाग. आणि दगडी भिंत मध्ये असली तर तीही अडखळते. माझे मत विचाराल तर तार ओढा! बिनतारीवरच्या लेखात तारेची तरफदारी विचित्र वाटेल, पण कॅट-६ ची एक तार शंभर मीटरपर्यंत पूर्ण वेग नेते, आणि भिंतीला भीत नाही. तिच्या टोकाला अभ्यासाच्या खोलीत एक साधा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ म्हणून लावला, नाव आणि पासवर्ड तोच ठेवला, की झाले.

विजेचेही पाहा. वीज गेली तरी फायबरमधला उजेड बहुधा चालू असतो. बंद पडते ती आपली पेटी. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, आणि त्यांच्यासाठी हातात मावेल असा छोटा यूपीएस मिळतो. अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर टिपून घेऊन मगच तो मागा. फायबरची पेटी आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही पुरेल असा हवा.

तारेचा भाव मीटरवर असतो. निघण्यापूर्वी दारांच्या चौकटीवरून, भिंतीच्या कडेने सुतळी धरून लांबी मोजा, आणि वळणांसाठी दोन मीटर जास्त घ्या.