वनौषधी : गुण आणि शुद्धता
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



चार दानांपैकी औषधदानाची परंपरा आपल्या समाजाने निष्ठेने जपली आहे. नवव्या शतकातील उग्रादित्याचार्यांनी मद्य-मांस वर्ज्य करून चिकित्सा सांगणारा ‘कल्याणकारक’ हा ग्रंथ रचला. तो १९४० साली आपल्या सोलापुरातूनच हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला. औषध कशापासून बनले, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आज मी त्याच्या पुढचा प्रश्न मांडणार आहे : ते औषध कोठे वाढले?

वनस्पती जमिनीतून पाण्याबरोबर खनिजे शोषून घेते. त्यांतील लोह रक्तासाठी, जस्त अनेक विकरांच्या कार्यासाठी आणि कॅल्शियम अस्थींसाठी आवश्यक आहे. अर्जुनाच्या सालीत कॅल्शियम विपुल असते. परंतु मुळांपाशी शिसे, कॅडमियम किंवा आर्सेनिक असेल, तर तेही आत येते. सेलेनियमचे उदाहरण बोलके आहे. प्रौढ माणसाला ते दररोज सुमारे ५५ मायक्रोग्रॅम लागते. ४०० मायक्रोग्रॅमच्या पुढे मात्र तेच अपायकारक ठरू लागते. म्हणजे अमृत आणि विष यांतील अंतर पुष्कळदा केवळ मात्रेचे असते, आणि मात्रा डोळ्यांना दिसत नाही. ती मोजावीच लागते.

ही मोजणी कशी होते, ते थोडक्यात सांगतो. प्रथम पाने स्वच्छ पाण्याने धुतात, अन्यथा रस्त्यावरची धूळच मोजली जाईल. मग ती मंद उष्णतेवर सुकवून अकीकाच्या खलात कुटतात. पोलादी खलातील लोह व क्रोमियम नमुन्यात मिसळण्याचा धोका असतो. ते चूर्ण नत्राम्लात, बंद पात्रात तापवून विरघळवितात. पारा उडून जाणारा असल्याने त्याची काळजी वेगळी घ्यावी लागते. तयार झालेले द्रावण अणुशोषण वर्णपटमापक या यंत्रात ज्योतीवर फवारतात. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्वतःच्या विशिष्ट तरंगलांबीचाच प्रकाश शोषतात. किती प्रकाश शोषला गेला, त्यावरून प्रमाण कळते. ॲलन वॉल्श यांनी ही पद्धत १९५५ साली मांडली. आयसीपी-एमएस हे त्याहून सूक्ष्मदर्शी यंत्र एकाच वेळी अनेक मूलद्रव्ये मोजते. मात्र ज्याचे प्रमाण आधीच निश्चित आहे असा प्रमाणित नमुना सोबत तपासल्याखेरीज कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवू नये.

भारतीय आयुर्वेदिक औषधीकोशाने वनौषधींसाठी मर्यादा घालून दिल्या आहेत : शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग दर दशलक्ष. शिशाचा हिशेब घरी करून पाहा. मर्यादेच्या काठावरील चूर्ण दररोज ५ ग्रॅम घेतले, तर ५० मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाते. लहान मुलांच्या बाबतीत शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक मानली जात नाही. काढ्यात धातूंचा काही अंशच उतरतो. चूर्ण मात्र संपूर्ण पोटात जाते, हा भेदही लक्षात ठेवावा.

२००४ साली बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्यानंतर १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या वनौषधींसाठी जड धातूंची तपासणी भारत सरकारने अनिवार्य केली. परदेशी रुग्णासाठी जी दक्षता घ्यायची, ती आपल्या दारातील रुग्णासाठी नको का?

येथे एक कबुली देतो. ब्राह्मी पाणथळ जागी वाढते आणि पाण्यातील जड धातू सहज साठवते. हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवीत होतो. तरीही आमच्या गावाबाहेरच्या ओढ्याकाठी हिरवीगार ब्राह्मी दिसली, तेव्हा ती खुडून शेजारच्या मुलाच्या बुद्धिवर्धनासाठी मीच दिली. वरच्या अंगाला कारखान्याचे सांडपाणी त्याच ओढ्यात येत होते, हे नंतर ध्यानी आले. नमुना तपासला, तेव्हा शिसे मर्यादेपेक्षा अधिक निघाले. मी त्या माउलीकडे जाऊन सर्व सांगितले. मुलाला काही अपाय झाला नाही. पण “सर, तुम्ही दिली म्हणून मी विचारलेही नाही,” हे तिचे शब्द आजही मनातून जात नाहीत.

आपल्या धर्मार्थ दवाखान्यात येणारा गरीब रुग्णही असाच काही विचारत नाही. म्हणून विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे की, औषधी खरेदी करताना ती कोठे वाढली याची नोंद मागावी, प्रत्येक खेपेचा धातुतपासणी अहवाल घ्यावा, आणि अहवाल नसेल ती खेप परत करावी. खर्च थोडा वाढेल. परंतु दान देताना वस्तूची शुद्धता पाहणे हे दात्याचेच कर्तव्य आहे. घेणाऱ्याच्या हाती ते नसते.

सुवर्णाचा कस पाहिल्याशिवाय आपण ते घेत नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात औषधाचाही कस पाहण्याचा संकल्प करूया, एवढे सांगून आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.