घाबऱ्या जिवासाठी घर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मराठीत भित्र्या माणसाला नावं ठेवायची झाली की आपण कुत्र्याला मधे आणतो. ‘शेपूट घातली’ म्हणतो. लढाईतून पळालेला सरदार असो की निवडणुकीतून माघार घेतलेला पुढारी, हा एक वाक्प्रचार सगळ्यांना पुरतो. पण खरोखर शेपूट पायांत घालून भिंतीला चिकटलेलं कुत्रं ज्यानं जवळून पाहिलंय, त्याच्या तोंडी हा शब्द इतक्या सहज येत नाही. मी तर गेली काही वर्षं तो वापरतच नाही. त्याला कारण एक कुत्री. तिला घर मिळवून देण्याच्या खटपटीत माझा वाटा आठ-दहा ओळींचा. बाकी सगळं दुसऱ्यांनी केलं. मी पाहिलं, तेवढं सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. माणसं होड्यांतून बाहेर काढली, काही ठिकाणी गोठ्यातल्या जनावरांची दावी कापून त्यांना सोडून द्यावं लागलं. कुत्री राहिली छपरांवर. पाणी उतरायला लागलं तेव्हा प्राण्यांसाठी काम करणारी काही तरुण मुलं होडीतून फिरत होती. त्यांना एका पत्र्यावर पिवळट रंगाची, वर्षभराची एक गावठी कुत्री सापडली. ती तिथं किती दिवस होती, कुणास ठाऊक. तिला शहराबाहेरच्या एका निवाऱ्यात ठेवलं. पुरात आली म्हणून पोरांनी नाव ठेवलं ‘पुरी’. पाहायला येणारे लोक ‘हे काय खायचं नाव!’ म्हणून हसायचे. हसू आल्यावर पुरी आणखी मागं सरकायची, हे त्यांच्या लक्षात येत नसे.

निवारा म्हणजे आपल्याला वाटतं, चला, जीव वाचला, सुटलो. जीव वाचतो हे खरंच. पण पन्नास-साठ कुत्र्यांचा सततचा भुंकण्याचा आवाज, पत्र्यावर आपटणाऱ्या बादल्या, रोज सकाळी पाइपानं धुतली जाणारी फरशी, हे सगळं ज्याचं काळीज आधीच पाण्यात बुडून आलंय त्याला कसं सोसावं? पुरी सिमेंटच्या ओट्याखाली, अगदी मागच्या कोपऱ्यात असायची. जेवायची रात्री, कुणी नसताना.

तिच्याबद्दल निवाऱ्यानं काढलेली पहिली जाहिरात मी नंतर पाहिली. ‘शांत, समंजस, मुलांत रमणारी.’ लिहिणाऱ्यानं मुद्दाम खोटं लिहिलं असेल असं मला वाटत नाही. पुरीला उचलून घेतलं तर ती खरंच गप्प राहायची. पण तिथल्या पशुवैद्य डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं की ती शांतता नव्हे, ते थिजणं. पळायला वाट नाही आणि लढायला बळ नाही, तेव्हा कुत्रं अंग दगडासारखं करतं. नीट पाहिलं तर कळतं. डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसतो, ते सारखे ओठ चाटतं, झोप आलेली नसताना जांभया देतं, समोर खाऊ धरला तरी तोंड फिरवतं. आपण मात्र म्हणतो, ‘किती गुणी आहे बघा, हूं की चूं नाही!’

ती जाहिरात वाचून दिवाळीनंतर एक कुटुंब तिला घेऊन गेलं. चांगली माणसं होती, हे मी आवर्जून सांगतो. पहिल्याच संध्याकाळी शेजारपाजारचे तिला पाहायला आले. दुसऱ्या दिवशी तिला आंघोळ घातली. श्रोतेहो, पुरातून आलेल्या कुत्रीला आंघोळ! पण त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? पोरं तिच्यावर जीव टाकत होती. ती दिवाणाखाली शिरली की तिला ओढून बाहेर काढत, कुशीत घेत. आठव्या दिवशी तिनं धाकट्याच्या हाताला दात लावले. जखम खोल नव्हती. आईनं शहाणपणानं हात पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुतला आणि लगेच दवाखाना गाठला. रेबीजच्या बाबतीत खरचटल्याइतकी जखमसुद्धा हलक्यानं घ्यायची नसते. नवव्या दिवशी पुरी परत निवाऱ्यात. कागदावर तिच्या नावापुढं ‘चावते’ असा शेरा आला. एकदा हा शेरा आला की गावठी कुत्र्याला घर मिळणं फार अवघड होऊन बसतं. पाठोपाठ २०२० ची टाळेबंदी आली. येणारे-जाणारेही थांबले.

माणूस सहज म्हणून जातो, ‘प्रेम दिलं की सगळं ठीक होतं.’ कवींनी तर हे फारच म्हणून ठेवलंय. त्यात मीही आलोच. पण अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं कुत्र्यांची पिल्लं वाढवून अभ्यास केला आणि १९६५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाची एक खिडकी उघडी असते. त्या काळात त्यानं जे पाहिलं, हुंगलं, ते त्याला आपलं वाटतं. माणसाचा हात त्या वेळी लाभला नाही, तर पुढं तो हात परकाच वाटतो. खिडकी बंद झाल्यावर दार किलकिलं करता येतं, नाही असं नाही. पण ते त्याच्या कलानं, त्याच्या बाजूनं उघडावं लागतं.

२०२१ च्या सुरुवातीला डॉक्टर मला म्हणाले, “भाई, तुम्ही शब्दांची माणसं. हिच्यासाठी चार ओळी लिहून द्या.” त्यांना बहुधा काहीतरी हृदयाला हात घालणारं हवं होतं. मी आधी दोन दुपारी निवाऱ्यात जाऊन बसलो, पुरीकडे पाठ करून, कारण तोंड करून बसलं की ती थरथरायची. मग लिहिलं ते असं:

‘पुरी. वय अंदाजे अडीच वर्षं. ती तुमच्याजवळ येणार नाही. निदान काही महिने अंगाला हात लावू देणार नाही. ओढून काढलं तर चावेल, एकदा चावलेली आहे. पाण्याच्या आवाजाला भिते. लहान मुलं, वर्दळ, जिना, लिफ्ट तिला झेपणार नाही. राखणीला उपयोग नाही, ती भुंकत नाही. नसबंदी झाली आहे, रेबीजची लस दिली आहे. एक कोपरा हवा. तिच्याकडून काही न मागणारं माणूस हवं.’

डॉक्टरांनी वाचलं आणि म्हणाले, “ही जाहिरात आहे की धमकी?” पण छापली त्यांनी. दूध डेअरीच्या फळ्यावर, औषधांच्या दुकानांत लावली, फोनवरून पाठवली.

तीन आठवड्यांत फक्त पाच फोन आले. एका द्राक्षबागायतदाराला राखणीलाच कुत्रं हवं होतं. ‘भुंकायला शिकवू की,’ म्हणाला. एकानं जात विचारली. (कुत्र्याचीच, पण विचारण्याची सवय आपली जुनी.) एक तरुण जोडपं मनापासून तयार होतं, पण घर तिसऱ्या मजल्यावर. निवाऱ्यातली मुलंही आता शहाणी झाली होती. तीच उलट विचारायची: गल्लीत फटाके किती वाजतात? घरी पाहुणे किती? बाहेरच्या दाराच्या आत आणखी एक दार आहे का? घरात दुसरं शांत कुत्रं आहे का? भित्रं कुत्रं माणसापेक्षा कुत्र्याकडून लवकर शिकतं, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा.

मला पुष्कळांनी विचारलंय, “तुम्हीच का नाही नेलीत? तुमच्यात कुत्रं चालत नाही म्हणून?” आडून विचारण्यापेक्षा हे सरळ विचारलेलं बरं. आमच्या घरात कुत्र्याची लाळ लागलेले कपडे घालून नमाज होत नाही आणि त्याचं तोंड लागलेलं भांडं सात वेळा धुवावं, असं सांगितलेलं आहे. हे पाकीचे नियम आहेत, कुत्र्याशी वैर नव्हे. त्याच परंपरेत एका तहानलेल्या कुत्र्याची गोष्ट आहे. एक वाटसरू विहिरीत उतरतो, आपल्या चामडी मोज्यात पाणी भरतो, तो दातांत धरून वर चढतो आणि कुत्र्याला पाजतो. अल्ला त्याचे गुन्हे माफ करतो. गुहेत झोपी गेलेल्या तरुणांच्या उंबऱ्याशी पाय पसरून निजलेला कुत्रा तर थेट कुराणात आहे. अम्मींना या गोष्टी माझ्यापेक्षा चांगल्या ठाऊक. पुरीचा विषय काढला तेव्हा त्यांनी नमाजचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, “आपल्या खिडकीखाली पहाटे पाचला नळ येतो. अख्खी गल्ली कळशा आपटते. तिथं आणणार तिला?” प्रश्न तिथंच मिटला.

पाचवा फोन मिरजेहून होता. मिरज दवाखान्यांचं गाव. फोन करणाऱ्या बाईही निवृत्त परिचारिका. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, मीही म्हणतो. बैठं घर, मागं परसू, एक म्हातारा बहिरा कुत्रा. त्यांनी पुरीबद्दल एकच प्रश्न विचारला: “ती रात्री झोपते का?” तोवर हे कुणी विचारलं नव्हतं.

नेताना पुरीला दोन पट्टे लावले, एक गळ्याला आणि एक छातीभोवती, दोन्हींना वेगळी दोरी. पहिल्या काही दिवसांत असं कुत्रं निसटलं तर हाती लागत नाही. हाक मारून येत नाही आणि पाठलाग केला तर आणखी पळतं. मला इथं संत नामदेवांची गोष्ट आठवते. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. त्या भक्तीपुढं माझी मान लवते. पण त्या कुत्र्याला काय दिसलं असेल? मागं धावणारा एक माणूस! वाटीत तूप आहे हे त्याला कुणी सांगायचं? सिस्टरांनी वाटी खाली ठेवली आणि त्या दूर जाऊन बसल्या. त्यांनी केलं ते इतकंच.

अकरा दिवस पुरी पलंगाखाली होती. सिस्टर रोज जमिनीवर बसून, तिच्याकडे कूस करून वर्तमानपत्र वाचत. महिनाभर तिला नावानं हाक मारली नाही. नळ बारीक सोडायचा, बादलीत आधी फडकं टाकायचं म्हणजे आवाज होत नाही. लोक सांगतात, पहिले तीन दिवस, मग तीन आठवडे, मग तीन महिने, एवढ्यात कुत्रं रुळतं. पुरीनं हे गणित मानलं नाही. पण चौथ्या महिन्यात ती म्हाताऱ्या कुत्र्याच्या मागं मागं परसात येऊ लागली. जूनमध्ये एकदा शेपूट हलली. सिस्टरांनी निवाऱ्याला फोन करून कळवलं, मुलगा झाल्याचं कळवावं तसं.

२०२१ च्या जुलैत कृष्णा पुन्हा पात्राबाहेर आली. सिस्टरांच्या घरात पाणी शिरलं नाही, पण सलग पावसानं पत्रे वाजत राहिले. पाच महिन्यांचं सगळं एका रात्रीत पुसलं गेलं. पुरी पलंगाखाली, अन्न बंद, अंगाला कापरं. डॉक्टरांनी तेव्हा पावलॉव्हची हकिकत सांगितली. घंटा वाजली की कुत्र्याला लाळ सुटते, तोच शास्त्रज्ञ. १९२४ च्या सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडला पूर आला आणि त्याची कुत्री पिंजऱ्यांत अडकली. कशीबशी वाचवली, पण काहींची शिकलेली सगळी कामं पार नाहीशी झाली. पुढं त्यांना पुन्हा शिकवलं. मग एकदा प्रयोग म्हणून दाराखालून थोडंसं पाणी खोलीत सोडलं, तर एक कुत्रा पुन्हा पहिल्यासारखाच कोलमडला. भीती अशी असते. तिचा निचरा झाला असं वाटतं, आणि ती तळाशी असते.

सिस्टरांचा फोन आला तेव्हा निवाऱ्यातल्या मुलांनी ओळखलं: परत आणताहेत. एकानं तिचा कप्पा रिकामा करायलाही घेतला. सिस्टर म्हणाल्या, “ती तुमच्याकडे ज्या पोत्यावर झोपायची, ते आहे का अजून?” पोतं सापडलं. ते न धुता नेलं. पलंगाखाली टाकलं. दोन दिवसांनी पुरी त्यावर झोपली. आवाज जास्त झाला की सिस्टर पलंगाशेजारी बसून हळू आवाजात काहीतरी बोलत राहत. घाबरलेल्या कुत्र्याला धीर दिला तर ते जास्त लाडावतं, भित्रं होतं, असं पूर्वी सांगायचे. तसं होत नाही. धीर दिल्यानं भीती वाढत नसते.

हे सगळं आज सांगायचं कारण असं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की रस्त्यावरची कुत्री दत्तक घ्यायची असतील तर महापालिकेकडे अर्ज करावा, मात्र नेलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली कुत्री निवाऱ्यात न्यावीत आणि परत तिथं सोडू नयेत, असा आदेश झाला. त्यावर दोन्ही बाजूंनी कडाक्याचं भांडण झालं. ज्या आईच्या मुलाला कुत्रं चावलंय, तिला मी कविता ऐकवणार नाही. पण अशा रीतीनं धरून आणलेल्या कुत्र्यांत पुरीसारखी पुष्कळ असणार. त्यांच्या पिंजऱ्यावर ‘प्रेमळ, शांत’ असं लिहू नका. जे आहे ते लिहा. फोन कमी येतील. त्यातला एखादा खरा असेल.

पुरी आता सात वर्षांच्या पुढची आहे. म्हातारा कुत्रा गेला. ती अजून पाहुण्यांसमोर येत नाही, पाण्याची टाकी भरून वाहू लागली की आत पळते, गणपतीच्या दहा दिवसांत पलंगाखालीच असते. मी तिला आजवर हात लावलेला नाही. मी गेलो की ती आतल्या खोलीत जाते, सिस्टर चहा ठेवतात, आणि मधलं दार थोडं उघडं राहू देतात.