घामाचा हिशेब मांडणारा अर्थतज्ज्ञ

(जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



अर्थशास्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रिझर्व्ह बँक उभी राहते, अर्थसंकल्पाचे भाषण उभे राहते. भर उन्हात कपाशी वेचणारी बाई काही उभी राहत नाही. त्या बाईच्या श्रमाचे मोल अर्थशास्त्राच्या ऐरणीवर आणणाऱ्या शरद जोशी यांच्याविषयी आज बोलायचे आहे. शेतकऱ्यांचे नेते म्हणून ते सर्वपरिचित आहेत. वृत्तपत्राच्या व्यवसायात केस पांढरे केलेल्या माझ्यासारख्याला मात्र त्यांच्यातील अर्थतज्ज्ञ आणि स्तंभलेखक अधिक मोलाचा वाटतो.

३ सप्टेंबर १९३५ रोजी साताऱ्यात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातून ते वाणिज्य शाखेचे द्विपदवीधर झाले. कोल्हापुरात काही काळ अध्यापन केले, १९५८ मध्ये भारतीय टपाल सेवेत शिरले आणि १९६८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघाच्या कार्यालयात रुजू झाले. मध्यमवर्गीय घराने देवाजवळ मागावे असे सारे त्यांना लाभले होते. ते सोडून हा गृहस्थ पत्नी व मुलींसह भारतात परतला आणि पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागला. देश गरीब का, या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडेना, म्हणून ते मातीत शोधायचे होते.

उत्तर लवकरच सापडले. आपल्याकडे 'उलटी पट्टी' हा शब्द शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावा लागत नाही. माल बाजारात जातो. हमाली, तोलाई, अडत आणि भाडे वजा होते. आणि पैसे मिळण्याऐवजी शेतकऱ्याच्याच अंगावर देणे निघते. जोशींनी स्वतःच्या शेताची वही चोख ठेवली. घरच्या माणसांची मजुरी, बैलांचा खर्च, जमिनीचा खंड, भांडवलावरचे व्याज, सारे त्यात मांडले आणि निष्कर्ष काढला की शेती तोट्यात जात नाही, ती तोट्यात ठेवली जाते. शहराला धान्य आणि गिरणीला कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून निर्यातबंदी, लेव्ही, झोनबंदी, आयात अशी हत्यारे वापरून भाव पाडले जातात. 'इंडिया' आणि 'भारत' ही त्यांची प्रसिद्ध मांडणी याच वहीतून जन्मली.

१९७८ मध्ये चाकणला कांद्याचे आंदोलन झाले, १९७९ मध्ये शेतकरी संघटना स्थापन झाली, १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्यासाठी रस्ते आणि रेल्वे रोखले गेले. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा गावोगाव पोहोचली. मात्र घोषणेमागे अखंड लेखन होते. 'वारकरी' साप्ताहिक, 'शेतकरी संघटक' पाक्षिक, मराठी दैनिकांतील स्तंभ, 'बिझनेस लाइन'मधील इंग्रजी लेख. 'अन्वयार्थ'मध्ये संग्रहित झालेले त्यांचे वृत्तपत्रीय लेख आज वाचले तरी जाणवते, की गुंतागुंतीची आकडेवारी बांधावरच्या माणसाला कळेल अशा मराठीत मांडता येते. आम्हा पत्रकारांनी हा धडा घ्यावा असा आहे.

खानदेशाला तर त्यांचे अर्थशास्त्र कापसातून कळले. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. शेतकऱ्याचा कैवार घेण्यासाठीच ती आली, पण व्यवहारात कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, मापासाठी रात्री काढायच्या आणि चुकाऱ्यासाठी महिनोन्‌महिने वाट पाहायची, असा अनुभव आला. शिरपूरच्या शेतकऱ्याला सीमेपलीकडचे सेंधवा दिसत असे, रावेरच्या शेतकऱ्याला बुऱ्हाणपूर. पण तिकडे भाव चढा असला तरी स्वतःच्या घामाचा माल नेणे गुन्हा ठरे. आपल्याच मालावर आपली मालकी नाही, ही कसली समता, असा जोशींचा सवाल होता.

बाजाराचे आणि तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य, ही त्यांची उत्तरायुष्यातील मागणी. नव्वदच्या दशकात डंकेल प्रस्तावाला डाव्यांपासून स्वदेशीच्या पुरस्कर्त्यांपर्यंत सर्वांचा विरोध असताना जोशींनी त्याचे स्वागत केले. आपल्यापैकी अनेकांना ते पटले नाही, आजही पटणार नाही. पण त्यांचा मुद्दा भारत सरकारच्याच कागदांवर उभा होता. गॅटकडे दिलेल्या आकडेवारीत भारतीय शेतीला मिळणारे अनुदान 'उणे' निघाले होते. म्हणजे सरकार शेतकऱ्याला देत नव्हते, त्याच्याकडून घेत होते. या युक्तिवादाला आकड्यांनीच उत्तर द्यावे लागते, भावनेने नव्हे.

एकटे पडण्याचे त्यांना भय नव्हते. मार्च २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ अशा मतांनी संमत झाले. ते एक मत जोशींचे होते. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन भरवणारा, 'लक्ष्मीमुक्ती'तून बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावायला शेतकऱ्यांना प्रवृत्त करणारा हा माणूस स्त्रियांचा विरोधक कसा असेल? मतदारसंघ फिरते राहिले तर निवडून आलेल्या स्त्रीला आपला मतदारसंघ बांधताच येणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

त्यांच्या विचाराला मर्यादा नाहीत असे नव्हे. २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. २०१७ मध्ये त्याच कपाशीवर गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात हाहाकार माजवला. स्वातंत्र्य मिळाले म्हणजे जोखीम संपली असे होत नाही, आणि एकट्या शेतकऱ्याने ती किती झेलावी याचे उत्तर खुल्या बाजाराने अजून दिलेले नाही.

१२ डिसेंबर २०१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. प्रश्न मात्र तेथेच आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात थांबवली गेली, ती मे २०२४ पर्यंत. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरील ११ टक्के आयातशुल्क उठवले गेले आणि सवलत वर्षअखेरपर्यंत लांबली. गिरण्यांची अडचण खरी असेल. पण नवा कापूस घरात येण्याच्या तोंडावर धरणगाव-पारोळ्याच्या शेतकऱ्याने काय समजावे? सरकार कोणाचेही असो, महागाईची ओरड झाली की पहिली कुऱ्हाड शेतमालाच्या भावावर पडते.

आणि ती ओरड करतो कोण? आपणच. या सभागृहातील बहुतेकांचे आजोबा शेतकरी होते. आज मुले पुण्यात नोकरीला आहेत, पगार वाढला की आपण पेढे वाटतो आणि कांदा चाळीस रुपये झाला की सरकारला जाब विचारतो. 'इंडिया' दूर दिल्लीत नाही, तो आपल्या स्वयंपाकघरात आहे. समाज एकसंध हवा असे आपण म्हणतो, तर ज्याच्या घामावर आपले ताट भरते त्याचा हिशेब चुकता करणे हे त्या एकतेचे पहिले कलम मानले पाहिजे. पुढच्या वेळी भाजी महाग झाली, तर शेतकऱ्याच्या हाती त्यातले किती पडले, एवढे एकदा विचारून पाहा.