हलक्या होडीची पारख

नॉर्वेंत जन्मलेला ओले एव्हिनरूड अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं यंत्रें बनवीत असे. एका उन्हाळी दिवशीं सरोवराकांठीं सहलीला गेला असतां त्याच्या भावी पत्नीला आइसक्रीम खावेंसें वाटलें. तें आणण्यासाठीं तो होडी वल्हवीत पैलतीरीं गेला. परत येईपर्यंत आइसक्रीमचें पाणी झालें होतें, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा रंगविलेली असो, १९०९ सालीं त्यानें होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवितां येईल असें दीड अश्वशक्तीचें एंजिन विक्रीस आणलें, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे. त्याचें वजन ६२ पौंड होतें. हीच आउटबोर्ड मोटर. वल्ह्यांचे श्रम वांचविण्यासाठीं जन्मलेल्या या यंत्राच्या शर्यती लावण्याचा मोह माणसाला फार काळ आवरला नाहीं. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच अमेरिकेंत अशा शर्यतींचे वर्ग ठरून गेले होते: ‘ए’ वर्गास १४ घनइंच, ‘बी’ वर्गास २०, ‘सी’ वर्गास ३०, अशी एंजिनाच्या पोकळीला मर्यादा. एका वर्गांतील सर्वांचीं एंजिनें अशा रीतीनें जवळजवळ सारखीं झालीं, म्हणजे जिंकणें-हरणें उरतें तें दोन गोष्टींवर. एक चालविणारा आणि दुसरी होडीचें धड, म्हणजे एंजिन वगळून उरलेली होडी. आजचा विषय त्या धडाचा आहे.

मालवाहू होडीला वजनाचें भय नसतें. उलट तिला बूड जड असलेलें मानवतें. शर्यतीच्या होडीचा न्याय निराळा. साधी होडी पाणी दुभागून वाट काढते, आणि स्वतःच उठविलेल्या लाटेच्या खळग्यांत अडकून राहते. नऊ फूट लांबीच्या होडीची ही मर्यादा ताशीं सुमारें साडेचार मैल भरते. त्यापलीकडे जावयाचें तर तिनें पाण्यांतून वर येऊन पाण्यावरून घसरत गेलें पाहिजे. मुलें तळ्यांत चपटी खापरी भिरकावतात तशी. वर उचलावयाचें ओझें जितकें कमी, तितकें हें लवकर साधतें, आणि वळणावर वेग मंदावल्यानंतर पुन्हा साधणेंही सोपें जातें.

ही कल्पना एंजिनाहून जुनी आहे. १८७२ सालीं ससेक्स परगण्यांतील प्लेडन येथील चार्ल्स मीड रेमस नांवाच्या धर्मोपदेशकानें ब्रिटिश आरमाराला सुचविलें कीं, जहाजाच्या तळाला पायरी ठेवल्यास तें वेगांत वर उचललें जाईल. विल्यम फ्रूड या नामांकित शास्त्रज्ञानें नमुने पाण्यांत ओढून पाहिले. कल्पना पोकळ नव्हती. पण त्या काळचीं वाफेचीं एंजिनें इतकीं जड कीं, मोठ्या जहाजाला त्यांच्या बळावर पाण्यावर चढविणें अशक्यच होतें. बिचाऱ्या रेमसची कल्पना कागदावरच राहिली. पुढें हलकीं पेट्रोल-एंजिनें आलीं तेव्हां पायरीच्या होड्या धांवूं लागल्या, आणि १९३० नंतरच्या दशकांत न्यू जर्सींतील व्हेंटनर येथील एडॉल्फ एपेल व त्याचा पुत्र आर्नो यांनीं तीन टेंकांची होडी प्रचारांत आणली. पुढें दोन बाजूंस दोन पाय, मागें एक टेंक, आणि मधल्या बोगद्यांतून शिरणारा वारा होडीला खालून उचलून धरणारा.

आज नवशिक्यापुढें जी निवड असते ती या दोन घराण्यांमधली. एक ‘रनबाउट’: नाळ, म्हणजे पुढचें टोंक, उतरत्या तळाचें आणि मागें तळ बहुतेक सपाट. दुसरें ‘हायड्रोप्लेन’, म्हणजे वर सांगितलेली तीन टेंकांची जात. सपाट पाण्यावर दुसरी होडी अधिक वेगवान, यांत शंका नाहीं. परंतु समोरून वारा आला आणि लाट उठली कीं तोच बोगदा तिला पतंगासारखी उलथवूंही शकतो. पाणी नेहमीं खळबळलेलें असतें अशा ठिकाणीं शर्यत करणारानें रनबाउटचीच निवड करावी. वेगाची हौस वर्षभरानें भागली तरी कांहीं बिघडत नाहीं.

हलकेपणालाही सीमा आहे, ती नियमांनीं घातलेली. बहुतेक वर्गांत होडी, एंजिन आणि चालक यांचें मिळून एक किमान वजन ठरलेलें असतें. शर्यत संपतांच तें तोलून पाहतात. त्याहून कमी भरल्यास जिंकलेली शर्यतही हातची जाते. म्हणून दोनशें पौंडांच्या गृहस्थाला हलकें धड शोधणें अगत्याचें. एकशें तीस पौंडांच्या तरुणाला तीच होडी घेऊन वर शिसें भरावें लागेल. त्यापेक्षां त्यानें तेंच वजन दणकट तळाच्या रूपानें विकत घेतलेलें काय वाईट? विक्रेता ही गोष्ट सहसा सांगत नाहीं. होडीचें वजन विचारण्यापूर्वीं माणसानें स्वतःचें वजन करावें.

आतां लांकडाविषयीं. सागवान हें नांव उच्चारतांच मराठी घरांत आदर उत्पन्न होतो, आणि मोठ्या गलबताच्या बाबतींत तो यथार्थ आहे. परंतु सागवान दर घनफुटास ४० पौंडांच्या आसपास भरतो, आणि त्याच्या अंगच्या तेलामुळें सरसानें जोडलेला सांधाही भरंवशाचा होत नाहीं. शर्यतीच्या सुताराला तो परवडत नाहीं. त्याची आवड सिट्का स्प्रूसची. अलास्कापासून खालीं पसरलेल्या किनारपट्टीवरील या झाडाचें लांकूड घनफुटास सुमारें २७ पौंड, सरळ धाग्याचें आणि वजनाच्या मानानें अतिशय चिवट असतें. पहिल्या महायुद्धांतील विमानांच्या सांगाड्यांसाठीं तें याच गुणामुळें वापरलें गेलें. होडीच्या लांब पट्ट्या आणि फासळ्या याच्या असाव्या. पांढरा ओक त्याहून बळकट खरा, पण घनफुटास ४७ पौंड. तो एखाद्या सांध्यापुरताच ठेवावा.

तळ आणि वरचें आच्छादन यांना प्लायवुड लागतें. पश्चिम आफ्रिकेंतील ओकूमे वृक्षाचें प्लायवुड, आणि अमेरिकेंतील डग्लस फरचें प्लायवुड, अशीं दोन मुख्य. आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि पाव इंच जाड असा तक्ता ओकूमेचा असल्यास सुमारें १८ पौंड भरतो, फरचा असल्यास सुमारें २२. होडीला असे तीन तक्ते लागले तर बारा पौंडांचा फरक केवळ झाडाच्या जातीनें पडला. मात्र ओकूमे मऊ आहे, आणि ओल मुरली कीं लवकर कुजतो. त्याच्या कडा राळेनें मुजविलेल्या नसतील तर हलकेपणाचें सुख दोन हंगामांचें. फर जड, पण दगड-धोंडा अधिक सोसतो. पोटांतले थर पोकळीवांचून भरलेले आहेत कीं नाहींत, हें कापलेली कड पाहून कळतें. तेथें एक काळी फट दिसली तरी तो तक्ता तळाला लावूं नये.

वजन कोठें वांचवावें याचेंही तारतम्य आहे. वरचें आच्छादन पाव इंचाचें असण्याचें कांहीं कारण नाहीं. एक अष्टमांश इंच पुरें होतें, आणि जुने कारागीर तर तेथें विमानाच्या पंखांप्रमाणें कापड ताणून त्यावर रोगण देत. पण तळ आणि मागची फळी या दोन जागीं कंजुषी करणें म्हणजे प्राणाशीं खेळ. चालक होडींत गुडघे टेंकून बसतो, आणि ताशीं पन्नास-साठ मैलांच्या वेगानें जातांना त्याच्या गुडघ्यांखालीं पातळ लांकडापलीकडे कांहींच नसतें. मागच्या फळीवर एंजिनाचें वजनही आहे आणि त्याचा रेटाही. ती सुटली तर एंजिन एकटें बुडत नाहीं.

नवी होडी घेणारे थोडे. बहुतेकांचा व्यवहार जुन्याशीं. तेथें रंगावर भाळूं नये. ताजा रंग पाहून अधिक संशय यावा, आणि जुन्या लांकडावर नव्यानें कांचतंतूचें कापड चढविलेलें दिसल्यास तर फारच. त्या आवरणाखालीं कुजकें लांकूड दडवितां येतें, शिवाय वजन वाढतें तें वेगळेंच. होडी पालथी घालून तळाच्या मागच्या चार-पांच फुटांवर एक सरळ पट्टी उभी धरावी. पट्टी सर्वत्र टेंकली पाहिजे. कडेशीं तळ पाण्याच्या बाजूस झुकला असेल, तर होडी नाळ खुपसते आणि वेग हरवते. मधोमध फुगीर असेल, तर ती धांवतांना माशासारखी उड्या मारूं लागते. हे दोष डोळ्यांना दिसत नाहींत, पट्टीला दिसतात. त्यानंतर बोटाच्या पेरानें सगळा तळ ठोकावा. निरोगी लांकूड टणक बोलतें. थर सुटलेल्या ठिकाणीं आवाज बद्द येतो. स्क्रूंच्या भोंवतीं काळे डाग असतील तर लोखंड वापरलें आहे असें समजावें. कांशाच्या स्क्रूंना तो रोग जडत नाहीं.

आणि होडी तोलल्याशिवाय पैसे देऊं नयेत. शंभर पौंडांचें कोरडें धड उघड्यावर पडून पाणी प्यालें, आणि लांकडांतील ओल शेंकडा बारावरून वीसवर गेली, तर सात पौंड वाढतात. विकणारा म्हणतो, ‘बांधली तेव्हां हलकी होती’. तो खोटें बोलत नसतो. पण शर्यत बांधल्या दिवशींच्या होडीशीं होत नाहीं.

अमेरिकेंत नऊ वर्षांच्या मुलांनाही लहान वर्गांत उतरतां येतें, आणि होडीच्या शोधांत फिरणाऱ्यांत आई-बाप पुष्कळ असतात. त्यांचा कल स्वस्त आणि हलकें, या दोन शब्दांकडे असतो. अशांनीं आधीं तीन गोष्टी चालवून पाहाव्या: हात सुटतांच पेट्रोलची कळ आपोआप मिटते काय, चालक बाहेर फेंकला गेल्यास दोरीनें एंजिन बंद पडतें काय, आणि वळणांत होडीला धरून ठेवणारें तळाचें पातें घट्ट आहे काय. शर्यतीचें वर्तुळ डावीकडे वळत जातें. त्यामुळें सारा ताण त्या पात्याच्या बुडाशीं येतो आणि चीर असल्यास तेथेंच पडते. हें सर्व पाहून झाल्यावर होडी एकदां पाण्यांत घालावी, दहा मिनिटें धांववावी, बाहेर काढतांच आंत हात घालून कोपरे कोरड्या फडक्यानें पुसावे, आणि फडकें ओलें निघाल्यास व्यवहार उद्यांवर टाकावा.